जिच्यावरून शहर चालतं

ईशान्य चीनमधल्या हार्बिन शहराचा सगळ्यात नावाजलेला रस्ता नदीपाशी जाऊन संपतो. चोंगयांग रस्ता, जवळजवळ दीड किलोमीटर लांब, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. १९२४ मध्ये ग्रॅनाइटचे ठोकळे उभे ठोकून केलेली त्याची फरसबंदी अजून पायाखाली आहे. दोन्ही बाजूंना रशियन आणि युरोपीय धाटणीच्या इमारती, त्यांच्या दारांवर गोधडीसारखे जाड पडदे. उणे वीस अंशांत माणसं रस्त्यात उभी राहून आइसक्रीम खातात आणि विकणाऱ्याला फ्रीज लागत नाही. माल उघड्या खोक्यात मांडलेला असतो. हे सगळं पाहत उत्तरेला चालत राहिलं की पूरनियंत्रण स्मारकाचा उंच स्तंभ येतो, त्याच्यामागे घाटासारख्या रुंद पायऱ्या. पायऱ्या उतरल्यावर पाणी लागायला हवं. डिसेंबर सरत असताना तिथे माणसं लागतात. मुलं, आजी-आजोबा, नवी लग्नं झालेली जोडपी, कुत्र्यांच्या घसरगाड्या, चहाच्या टपऱ्या, आणि या सगळ्यांच्या पायाखाली गोठलेली सोंगहुआ नदी.

मी एकटी, पाठीवर एक सॅक, हॉस्टेलच्या सहाजणींच्या खोलीतला वरचा पलंग. हार्बिनला लोक बर्फाचे महाल बघायला जातात, मीही त्यासाठीच गेले होते. पण शहरात जे जे बघायला म्हणून निघाले, ते फिरून फिरून या नदीशीच आलं. त्यामुळे हार्बिनबद्दल लिहायचं तर मला तिच्याबद्दलच लिहावं लागेल.

सोंगहुआचं कूळ मोठं आहे. तिची एक धार कोरियाच्या सीमेवरच्या छांगबाय पर्वतातल्या ज्वालामुखीच्या सरोवरातून उतरते, दुसरी, नेन नदी, उत्तरेच्या खिंगान डोंगरांतून येते. दोघी हार्बिनच्या वर एकत्र होतात. पुढे ती ईशान्येला जाऊन हैलोंगच्यांगला मिळते, ज्या नदीला रशियन लोक आमूर म्हणतात. उन्हाळ्यात ती गढूळ, मातकट, संथ असते. शहरापाशी तिचा पाट जवळपास किलोमीटरभर रुंद आहे.

आणि शहर तिच्यामुळेच आहे. १८९८ मध्ये रशियाने मंचुरियातून व्लादिवोस्तोककडे जाणारा रेल्वेमार्ग बांधायला घेतला. रुळांना सोंगहुआ जिथे ओलांडायची होती, तिथे तळ पडला. अभियंते आले, मजूर आले, लाकूड आणि लोखंड बोटींनी नदीवरूनच आलं. तळाचं गाव झालं, गावाचं नगर झालं. रेल्वेचा तो पूल १९०१ मध्ये पुरा झाला. शतकाहून अधिक काळ गाड्या वाहून २०१४ मध्ये तो निवृत्त झाला आणि आता त्यावरून लोक चालतात. मधल्या काही भागात पायाखाली काच बसवली आहे. मी त्या काचेवर उभी राहून खाली पाहिलं, तर खोल खाली पांढरा सपाट पाट आणि त्यावर कुणाच्या तरी पावलांची एकटी, लांबलचक रांग दिसली. शेजारच्या नव्या पुलावरून वेगवान गाडी गेली आणि जुना पूल किंचित थरथरला.

नदी काय काम करते, ते तिची कापणी पाहिल्यावर कळतं. नोव्हेंबरच्या अखेरीस ती गोठते. डिसेंबरात बर्फ माणसांना, यंत्रांना पेलण्याइतका जाड झाला की बर्फ कापणारे तिच्यावर उतरतात. बहुतेक जण आसपासच्या गावांतले शेतकरी. शेतं गोठलेली, हाताला दुसरं काम नाही, म्हणून हिवाळ्यापुरते नदीवर येणारे. मी पोचले तेव्हा हंगाम संपत आला होता, पण दोरीच्या बाहेर उभं राहून सकाळभर ते काम बघता आलं. आधी चक्राच्या करवतीने बर्फावर लांब समांतर रेघा मारतात, मग आडव्या. करवत तळापर्यंत नेत नाहीत, खाली थोडा बर्फ धरून ठेवतात. मग माणसं ओळीने उभी राहतात, हातात लांब पहारी, आणि एका लयीत रेघेवर घाव घालतात. पहिल्या काही घावांना काहीच होत नाही. मग आतून एक कोरडा, स्वच्छ आवाज येतो आणि आख्खा तुकडा मोकळा होऊन काळ्या पाण्यात डुलायला लागतो. उघड्या पडलेल्या पाण्यातून वाफ उठते. हवेपेक्षा ते पाणी कितीतरी गरम असतं ना. आकडे लावून, ढकलून तो तुकडा काठाकडे तरंगत नेतात, त्याचे ठोकळे करून पट्ट्यावरून वर चढवतात. एकेक ठोकळा पुरुषभर लांब आणि शेकडो किलो वजनाचा.

तो बर्फ जवळून पाहायला हवा. घरच्या फ्रीजमधला बर्फ मध्ये पांढरा, धुरकट असतो, कारण सगळ्या बाजूंनी गोठताना हवा आत कोंडली जाते. नदी वरून खाली, सावकाश गोठते. हवा आणि गाळ खालच्या वाहत्या पाण्यात ढकलत ढकलत ती स्वतःचा बर्फ तयार करते. उन्हाळ्यात मातकट दिसणाऱ्या या नदीच्या ठोकळ्यातून पलीकडच्या माणसाच्या टोपीवरचा विणकामाचा टाका दिसत होता.

नदीतून बर्फ कापून काढतात हे आपल्याकडे ऐकायला नवं वाटतं, पण मुंबईशी त्याचा जुना संबंध आहे. १८३० च्या दशकात मुंबईत जो परदेशी बर्फ आला, तो असाच अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समधल्या तळ्यांतून हिवाळ्यात कापलेला, लाकडाच्या भुशात बांधून जहाजाने निम्म्या जगावरून आणलेला होता. गिरगावात, फोर्टात ज्यांनी तो पहिल्यांदा हातात धरला असेल, त्यांच्या हातात कुठल्या तरी तळ्याचा तुकडा होता. हार्बिनच्या काठावर मला ते पहिल्यांदा नीट समजलं.

ठोकळे ट्रकांतून पलीकडच्या, उत्तर काठावर जातात. तिथे दरवर्षी बर्फाचं नगर उभं राहतं. १९९९ पासून ते या मोठ्या स्वरूपात भरतं. २०२४-२५ च्या हंगामात त्यासाठी तीन लाख घनमीटर बर्फ आणि हिम वापरलं गेलं. मनोरे, देवळं, किल्ल्यांचे तट, शेकडो मीटरच्या घसरगुंड्या. दोन ठोकळे जोडायला सिमेंट लागत नाही. मध्ये पाणी घालायचं, ते गोठतं आणि सांधा दगडापेक्षा घट्ट बसतो. ठोकळ्यांच्या पोटात दिव्यांच्या नळ्या घालतात, म्हणून संध्याकाळी चारनंतर, सूर्य मावळला की, भिंती आतून लाल, निळ्या, हिरव्या होतात. मी तिथे गेले, घसरगुंडीच्या रांगेत पाय आपटत उभी राहिले, मनोऱ्यांचे फोटो काढता काढता थंडीने फोनची बॅटरी मेली. सुंदर होतं, यात शंका नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर सकाळची पहार होती. माझ्याभोवती कुणी भिंतींना हात लावून त्या कुठून आल्या ते विचारत नव्हतं. प्रवेशद्वारापासून नदी चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि आलेले बहुतेक लोक बसने येतात, बसने जातात. हे मला फार खटकलं.

या दिव्यांची मुळं साधी आहेत. इथले कोळी आणि शेतकरी पूर्वी बादलीत पाणी भरून बाहेर ठेवत. कडेने गोठलं, मधलं अजून पाणी आहे, अशा वेळी बादली उलटी करून मधलं पाणी ओतून टाकत आणि त्या पोकळीत दिवा ठेवत. वाऱ्याने तो विझत नसे. १९६३ मध्ये शहराने झाओलिन बागेत अशा दिव्यांची पहिली जत्रा भरवली. आजच्या महालांपेक्षा मला तो बादलीतला दिवा जास्त थोर वाटतो. थंडीचाच आडोसा करून थंडीत दिवा जपायचा, हे ज्याला सुचलं त्याला नदीकाठचा वारा पुरता ठाऊक होता.

सोंगहुआ गरीब स्वभावाची मात्र नाही. काठावरचा तो स्तंभ १९५७ च्या महापुरानंतर, शहराने तिला थोपवून धरलं त्याच्या आठवणीसाठी १९५८ मध्ये उभारला. त्याआधी १९३२ मध्ये तिने बंधारे फोडले होते आणि सखल भागातल्या रस्त्यांवर होड्या चालल्या होत्या. १९९८ मध्ये ती पुन्हा चढली, आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा उंच. चोंगयांग रस्त्यावरून फिरणाऱ्याने त्या स्तंभापाशी क्षणभर थांबावं. त्याच्या पाठीशी जे पांढरं मैदान पसरलेलं असतं, त्याच्यापासून शहर वाचवायला लाखो माणसांनी हातांनी माती वाहिली होती.

तिच्यावर अन्यायही झाला. नोव्हेंबर २००५ मध्ये वरच्या अंगाला, जिलिन शहरातल्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि सुमारे शंभर टन बेंझिन व नायट्रोबेंझिन तिच्यात उतरलं. विषाचा तो पट्टा तिच्याबरोबर वाहत हार्बिनकडे सरकू लागला. शहराचे नळ चार दिवस बंद होते. ऐन थंडीत लाखो लोक बाटलीच्या पाण्यासाठी रांगेत उभे राहिले. नदीचा दोष कणभर नव्हता, पण तिच्याकडे संशयाने बघायची पाळी तिच्याच लेकरांवर आली. पुढे शहराने पिण्याचं पाणी दुसरीकडच्या धरणातून आणलं. तरीही लोक तिच्याकडे येतच राहिले, आणि ते कसे येतात हे मी रोज पाहत होते.

सकाळी येतात म्हातारे. बर्फात चौकोनी हौद कापलेला असतो, त्याच्या कडेला बर्फाचाच ओटा. साठी-सत्तरीची माणसं कपडे काढतात, हात फिरवतात, ओट्यावर चढतात आणि सरळ सूर मारतात. हौदाचं पाणी शून्याच्या आसपास. बाहेर आल्यावर अंग लालबुंद आणि केसांच्या टोकांना लगेच बर्फ. एक आजोबा अंग पुसत माझ्याशी बोलायला लागले. मी फोनवरचं भाषांतर पुढे केलं. भारतातून आले म्हटल्यावर त्यांनी माझ्या तीन थरांच्या कपड्यांकडे पाहिलं, स्वतःच्या छातीवर थाप मारली आणि फोनमध्ये म्हणाले, "बाळ, ही मला दवाखान्यात जाऊ देत नाही." ही म्हणजे नदी.

दुपारी येतात भोवरेवाले. लोखंडी, वाटीएवढे भोवरे बर्फावर सोडतात आणि चाबकाने फटकारत राहतात, ते थांबतच नाहीत. चाबकाचा सटाका नदीभर ऐकू जातो. मुलांना खाली लोखंडी पट्ट्या बसवलेल्या खुर्च्यांवर बसवतात आणि मोठी माणसं मागून ढकलतात. मला एकटी पाहून एका बाईने आपल्या मुलीशेजारी जोडखुर्चीत बसवलं आणि दोघींना पलीकडे निम्म्यापर्यंत नेऊन आणलं. पैसे घेतले नाहीत. तिने हातात गोठलेली नाशपाती ठेवली, काळी पडलेली, दगडासारखी टणक. ती थंड पाण्यात ठेवून मऊ करायची आणि मग आतला रस चोखायचा. हॉस्टेलवर मी तसंच केलं. आंबटगोड, थंडगार, फार चांगली लागते.

आणि या सगळ्याच्या खाली ती वाहत असते, हे मी शेवटपर्यंत स्वतःला सांगत राहिले. पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं, त्याहून थंड झालं की हलकं होऊन वर येतं, म्हणून बर्फ वर धरतो आणि खालचं पाणी पाणीच राहतं. बर्फाचं झाकण त्या पाण्याची ऊब राखतं. मासे तिथे हिवाळा काढतात. संध्याकाळी गर्दी पांगल्यावर, तापमान झपाट्याने उतरायला लागलं की बर्फ आक्रसतो आणि दूर कुठेतरी तडा जातो. तो आवाज पाटभर धावत येतो, पायांना आधी कळतो आणि कानांना नंतर. पहिल्यांदा मी घाबरून काठाकडे पळाले. शेजारी घसरगाडी आवरणारा माणूस हात हलवून "काही नाही, काही नाही" अशा खुणा करत राहिला. इथल्या लोकांना त्या आवाजाचं काही वाटत नाही.

एप्रिलमध्ये ती सुटते. मी ते पाहिलेलं नाही, पण हॉस्टेल चालवणाऱ्या ताईंनी सगळं सांगितलं. कधी ती शांतपणे सुटते, बर्फ जागच्या जागी पातळ होत विरून जातो. कधी वरच्या अंगाचं पाणी आधी मोकळं होतं आणि लाटा बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढवत, आदळत आणतात. शहरातले लोक दरवर्षी बोलत असतात, यंदा कशी सुटेल. पुलाच्या कठड्याशी गर्दी होते. त्या दिवसांत पकडलेली मासळी वर्षातली सगळ्यात चविष्ट मानतात, आणि तिला भावही तसाच येतो. उत्तर काठावरचं नगर तोवर वितळून गेलेलं असतं.

हार्बिनला जायचं ठरवलंत तर माझी एक विनंती आहे. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा. लोकरीचे मोजे दोन जोड्या, फोनसाठी आतला खिसा आणि चिकटवायच्या गरम पट्ट्या न्या; त्या तिथे कुठल्याही दुकानात स्वस्त मिळतात. महालांचं तिकीट नंतर काढा. आधी सकाळी नदीवर जा आणि बर्फ कापणाऱ्यांची पहार एकदा पडताना बघा.