हरसूलची भाकरी आणि पुढचे दात

त्र्यंबकेश्वर मागे टाकून गुजरातच्या सीमेच्या दिशेने निघाले की डोंगर जवळ येतात आणि उतारांवर नागली-वरई, खाली खाचरांत भात दिसू लागतो. याच मुलखात हरसूल आहे. त्याच्या आठवडे बाजारात आसपासच्या पाड्यांवरची कोकणा, महादेव कोळी, वारली माणसे येतात. वैद्यकाची नजर मात्र मालापेक्षा चेहऱ्यांवर अधिक रेंगाळते. साठी ओलांडलेल्या कितीतरी बायकांचे पुढचे दात मिश्रीने तपकिरी झालेले, कडेने झिजलेले, पण हिरडीत घट्ट.

अशाच एका आजींना त्यांचा नाशिकला नोकरी करणारा मुलगा घेऊन आला होता. घरात लग्न होते. दातांवर व्हेनिअर बसवायचे, तर पोर्सेलेनचे की कॉम्पोझिटचे, एवढेच त्याला विचारायचे होते. आजींचा प्रश्न निराळा होता : “त्यानं भाकर तुटंल का?”

मला आजींचा प्रश्न अधिक मोलाचा वाटला. व्हेनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूस चिकटवलेले पातळ कवच. 1928च्या सुमारास चार्ल्स पिंकस या अमेरिकन दंतवैद्याने ते चित्रपटातील नटांसाठी, चित्रीकरणापुरते बसवले. त्याचा जन्म दिसण्यासाठी झाला, चावण्यासाठी नव्हे. आजींच्या दाढा दोन्ही बाजूंनी पडलेल्या होत्या; घास पुढच्या दातांनीच चिरडला जाई. अशा दातांवरचे कवच कोणत्याही प्रकारचे असो, त्याचा टवका उडण्याची भीती मोठी. म्हणून आधी दाढांची कवळी, मग बाकीचा विचार.

तरीही निवड करायचीच असेल, तर दोहोंतला फरक नीट समजून घ्यावा. पोर्सेलेनचे कवच प्रयोगशाळेत घडते, निदान दोन खेपा लागतात, खर्च अधिक. डाग सहसा धरत नाही आणि नीट जपल्यास दहा-पंधरा वर्षे टिकते. त्यासाठी दंतवल्क साधारण अर्धा मिलिमीटर घासावे लागते आणि ते पुन्हा उगवत नाही. कॉम्पोझिट बहुधा एकाच बैठकीत लागते, दात फारसा घासावा लागत नाही, टवका गेला तर तिथेच सांधता येतो. आयुष्य मात्र साधारण पाच-सात वर्षे, आणि चहा-तंबाखूने ते पिवळे पडते. हरसूलहून नाशिकला जाऊन परतण्यात दिवस मोडतो, तेव्हा दुरुस्तीची ही सोय लहान समजू नये.

उतारवयात आणखी एक अडचण असते. हिरड्या खाली सरकून मुळे उघडी पडतात आणि दोन्ही कवचांची पकड खरी बसते ती दंतवल्कावर; मुळावर ती कच्ची राहते. रात्री दात खाण्याची सवय, हलणारे दात, आटोक्यात नसलेला मधुमेह यांचा बंदोबस्त आधी व्हावा. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या दंतवैद्याला सांगाव्यात. आपल्या मनाने मात्र बंद करू नयेत.

आजींच्या डागांपैकी बरेचसे दात साफ करून, पॉलिश करूनच निघाले. नाशिकला पंचवटीत दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी कवळी, सफाई आणि तपासणी एकाच छताखाली होते. मिश्री सुटली नाही तर डाग परततील, हे मी त्यांना सांगितले. मुलाला मात्र गालाची आतली बाजू आणि जिभेखालची जागा दर महिन्याला पाहायला शिकवले : पांढरा चट्टा दिसला किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम राहिली, तर लग्नाची तारीख न पाहता दाखवायला आणायचे.