सामू दोनदा मोजावा

नळाच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, नळाखाली एक असतो आणि तेच पाणी बादलीत रात्रभर ठेवले की दुसरा. घरी मासे पाळणाऱ्याची पहिली चूक बहुधा इथेच होते. नळ सोडला, परीक्षानळीत पाणी धरले, थेंब टाकले, रंग पाहिला, आकडा वहीत लिहिला. आकडा खोटा नसतो. पण तो पाइपातल्या पाण्याचा असतो, आणि मासे पाइपात राहत नाहीत.

फरक पडतो तो कार्बन डायऑक्साइडमुळे. बंद पाइपातल्या, आणि त्याहून अधिक बोअरवेलच्या पाण्यात हा वायू बराच विरघळलेला असतो. त्याचे सौम्य आम्ल होऊन सामू खाली राहतो. पाणी उघड्यावर आले की वायू उडतो आणि सामू चढतो. म्हणून एकाच पाण्याची मोजणी दोनदा करावी लागते: एकदा ताजी, एकदा बादलीत एअर पंपाची नळी सोडून 24 तासांनी. मोजायच्या थेंबांत बहुधा ब्रोमोथायमॉल ब्लू असते, ते 6.0 ला पिवळे, 7.6 ला निळे आणि मधे हिरव्या छटांचे दिसते. बोअरवेलचे ताजे पाणी हिरवट दिसावे आणि दुसऱ्या दिवशी तेच गडद निळे व्हावे, हे नेहमीचेच. रंग पांढऱ्या कागदावर, खिडकीच्या उजेडात पाहावा. शिवाय 7.6 च्या पुढे हे थेंब आंधळे होतात. सामू 8.2 असला तरी रंग निळाच. ‘आमचे पाणी 7.6 चे’ असे ठामपणे सांगणाऱ्यांपैकी अनेकांचे पाणी प्रत्यक्षात त्याच्या बरेच वर असते.

सामूची पट्टी सोरेन सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने 1909 मध्ये मांडली. तिच्यावर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक, हे सर्वांना पाठ असते आणि त्याची धास्तीही असते. पण टँक सांभाळताना सामूपेक्षा त्याला धरून ठेवणारी गोष्ट महत्त्वाची: पाण्यातले बायकार्बोनेट, म्हणजेच अल्कता. ती भरपूर असली की आलेले आम्ल ती पचवते आणि सामू जागचा हलत नाही. ती संपली की सामू कोसळतो, तोही सूचना न देता.

सह्याद्रीतल्या धरणांचे पाणी या बाबतीत गरीब असते. मुंबईला येणारे तानसा, वैतरणा, भातसाचे पाणी काय किंवा पुण्याला येणारे खडकवासल्याचे काय, ते मुळात पावसाचेच. बसाल्टच्या डोंगरउतारावरून वाहत आलेले, मऊ. त्याच बसाल्टच्या फटींत वर्षानुवर्षे मुरलेले बोअरवेलचे पाणी मात्र जड होते. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते जड. स्वयंपाकघरातली ही परीक्षा ढोबळ अंदाजापुरती, नेमका आकडा हवा तर दुकानातले किटच. अडचण अशी, की सोसायटीच्या टाकीत दोन्ही पाणी येते. पावसाळ्यात धरणाचे पाणी गढूळ झाले की शुद्धीकरणात तुरटी जास्त लागते आणि तुरटी अल्कता खाते. एप्रिल-मे महिन्यांत टँकर सुरू होतात आणि कुठल्या विहिरीचे पाणी आले ते वॉचमनलाही ठाऊक नसते. इमारत नवी असेल तर सिमेंटच्या टाकीतून चुना उतरतो तो वेगळाच. नळ तोच, पाणी तीन प्रकारचे.

टँकच्या आतही सामू स्वस्थ बसत नाही. दिवसा वनस्पती कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात म्हणून तो चढतो, रात्री उतरतो. दाट लागवडीच्या टँकमध्ये रोज अर्ध्या अंकाचा झोका सहज पडतो आणि मासे मजेत असतात. खरी झीज फिल्टरमधल्या जिवाणूंमुळे होते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून येणाऱ्या अमोनियाचे ते नायट्रेट करतात, आणि दर मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 7 मिलिग्रॅम अल्कता खर्ची पडते. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी नुसते वरून भरत राहिले आणि जुने काढलेच नाही, तर मऊ पाण्याच्या टँकमध्ये सामू महिनोन्महिने घसरत 6 च्या आसपास येतो. तिथे जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते आणि अमोनिया साचू लागतो. तरी मासे मरत नाहीत, कारण आम्लधर्मी पाण्यात तो जवळपास सगळा निरुपद्रवी अमोनियम रूपात असतो. 25 अंश तापमानाला विषारी अमोनियाचा वाटा सामू 7 असताना जेमतेम अर्धा टक्का, पण 8 असताना 5 टक्क्यांहून अधिक.

आता एखाद्या रविवारी मालकाला सफाईचा उत्साह येतो. तो अर्धा टँक उपसून टँकरचे पाणी भरतो. संध्याकाळी मासे पृष्ठभागावर तोंड वासून उभे, सकाळी दोन-तीन पाठीवर तरंगताना. ‘पाणी बाधले’ असे म्हणून नळाला दोष दिला जातो. नळाने फक्त सामू वर नेला. विष टँकमध्ये आधीपासून होते. क्षारांच्या प्रमाणात अचानक झालेला बदलही त्यात भर घालतो, आणि अँटिक्लोरिनचे थेंब विसरले असतील तर क्लोरीनही.

उपाय कंटाळवाणा आहे: दर आठवड्याला 15 ते 20 टक्के पाणी बदलणे. दुर्लक्षित टँक असेल तर आधी आठवडाभर रोज 5 टक्के. मऊ पाण्याला आधार हवा असेल तर फिल्टरमध्ये मूठभर धुतलेले शिंपले ठेवावेत; पाणी आम्लाकडे झुकेल तसे ते विरघळतात. घाई असेल तर खायचा सोडा: 50 लिटरला 5 ग्रॅम घातल्याने अल्कता लिटरमागे सुमारे 60 मिलिग्रॅम वाढते. तो एकदम न घालता दोन-तीन दिवसांत विभागावा. सामू उतरवणारी बाटलीतली औषधे मात्र दुकानातच राहू द्यावीत. जड पाण्यात त्यांनी उतरलेला सामू दुसऱ्या दिवशी पुन्हा वर येतो आणि त्यांपैकी फॉस्फेटवाल्यांनी शेवाळ तेवढे माजते. बदामाची वाळकी पाने किंवा ड्रिफ्टवूड यांनी पाणी चहाच्या रंगाचे होते, सामू किंचित उतरतो, तोही पाणी मऊ असेल तरच. सजावटीचे पांढरे खडे घेताना त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून पाहावेत. फसफसले तर तो संगमरवर. तो टँकमध्ये असेपर्यंत सामू उतरवायचे सगळे प्रयत्न वाया.

मुळात मासे पाण्याकडे पाहून घ्यावेत. बोअरवेलच्या पाण्यात मॉली, गप्पी, प्लॅटी तरारून पिल्ले देतात. धरणाच्या पाण्यात टेट्रा आणि बार्ब खुलतात. बोअरवेल असूनही डिस्कसचाच हट्ट असेल, तर घरातल्या आरओचे पाणी ठरलेल्या प्रमाणात मिसळावे लागते, आणि ते दर आठवड्याला, गावाला जायचे असले तरीही.