कापशी आणि चांदणी

कापशी ही पांढरी, लाल डोळ्यांची उंदरीण. क्रॉफर्ड मार्केटमधून भोकं पाडलेल्या खोक्यात, कसारा लोकलच्या गर्दीत माझ्या मांडीवर बसून ती वाशिंदला आली. आजी म्हणाली, "घरात भात भरलेला, आणि पैसे मोजून उंदीर आणलास?" भातशेतीच्या गावात हा प्रश्न रास्तच होता. माजघरात तुरुतुरु पळणारा बारीक राखाडी घरउंदीर आणि कापशी मुळात एकाच जातीचे. माणसाने पिढ्यान्पिढ्या निवडून वाढवला म्हणून पाळीव उंदीर पांढरा झाला, माणसाळला. कळपाची ओढ मात्र तीच राहिली.

सुरुवातीला कापशी कोपऱ्यात अंग मुडपून पडून असायची. शेंगदाणा घ्यायची, पण चक्रावर चढत नव्हती. संध्याकाळी मी तिला बाहीत फिरू द्यायचे. तिला ते आवडायचं, तरी तेवढ्याने भागत नव्हतं. उंदीर एकमेकांच्या अंगावर झोपतात, मानेमागची लव चाटून साफ करतात, आपल्याला ऐकूच येणार नाही इतक्या वरच्या सुरात बोलतात. यातलं काय देणार माणूस?

म्हणून चांदणी आणली. नवीला थेट जुनीच्या पिंजऱ्यात सोडू नये. ती जागा जुनीच्या वासाची, म्हणजे तिच्या हक्काची. दोघींना आधी धुऊन पुसलेल्या टबात समोरासमोर आणलं. हुंगाहुंगी झाली, चींचीं झाली, कापशीने चांदणीला उताणी पाडली. रक्त निघत नाही तोवर आपण मध्ये हात घालायचा नसतो. थोड्याच दिवसांत दोघी एका करवंटीत झोपू लागल्या आणि रात्रभर चक्र फिरू लागलं. आजीसुद्धा झोपण्याआधी डोकावून जायची.

पुढे दुकानातून मादी म्हणून मिळालेली तिसरी नर निघाली. कापशी गाभण राहिली. उंदरीण 19 ते 21 दिवसांत विते आणि व्याल्या व्याल्या पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून नराला वेळीच हलवलं. पिल्लं नागडी, डोळे मिटलेली, शेंगेतल्या दाण्याएवढी. चांदणी स्वतः व्यालेली नव्हती, पण कापशी खायला उठली की पिल्लांवर ती बसायची, भरकटलेलं पिल्लू तोंडात धरून घरट्यात आणायची. हे पाहिल्यावर उंदराला सोबत लागते का, ही शंका माझ्यापुरती कायमची मिटली.

पिल्लं पाच-सहा आठवड्यांत वयात येतात. त्याआधी, चौथ्या आठवड्याच्या सुमारास, नर-मादी वेगळे करावे लागतात. मूत्रद्वार आणि गुदद्वार यांतलं अंतर नरात जास्त असतं; मादीच्या पोटावर स्तनाग्रांच्या दोन ओळी दिसतात. मुली आईजवळ सुखाने राहिल्या. भाऊ मात्र वयात येताच हद्दीवरून भांडू लागले, शेपटीवर आणि कमरेवर चावे दिसू लागले. त्यांना एकेकटं ठेवावंच लागलं. त्यांच्या वाट्याला मग चक्र, कागदी नळ्या आणि रोज संध्याकाळी आमचे हात. नराची ही खरी अडचण आहे, आणि तिच्यावर सोपा तोडगा मला सापडलेला नाही.

पिंजरा बारीक जाळीचा हवा. बोटाचं टोक शिरेल एवढ्या फटीतून पिल्लू निसटतं. वाशिंदला पावसाळ्यात धामण घरात येते, तेव्हा तीच जाळी उंदरांना वाचवते. माद्यांच्या पिंजऱ्यात लपायला दोन जागा आणि पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या की दांडगाई करणारीला सगळं अडवता येत नाही. साफसफाई करताना घरट्यातली थोडी जुनी कात्रणं परत ठेवावीत. ओळखीचा वास राहिला की भांडणं कमी होतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात पिंजरा पत्र्याखाली ठेवू नये.

उंदराचं आयुष्य जेमतेम दोन वर्षांचं. कापशी म्हातारी होऊन गेली, पण चांदणी एकटी पडली नाही, कारण पिंजऱ्यात लेकी होत्या. उंदीर पाळायचाच असेल तर दोन-तीन बहिणीच आणा, आणि दुकानातून निघण्याआधी त्या माद्याच आहेत ना, हे उलटून बघा.