तित्तराची साद

नीरा डाव्या कालव्याचे पाणी जिथवर पोहोचते, तिथवर बारामती-इंदापूरचा प्रदेश उसाने हिरवागार दिसतो. पाणी न पोहोचलेल्या भागात मात्र अजूनही गवताचे माळ आहेत. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झाले, ते याच माळांवरील चिंकारांसाठी. याच माळांवर पहाटे तित्तर ओरडतो.

या भागात सेवा करीत असता फासेपारधी समाजातील एका वृद्ध गृहस्थांशी आमचा परिचय झाला. शिकार त्यांनी केव्हाच सोडली होती. साद घालण्याची विद्या मात्र त्यांच्या गळ्यात शाबूत होती. आमच्या आग्रहाखातर त्यांनी ती उलगडून सांगितली. पाळलेला नर तित्तर पिंजऱ्यात घालून पहाटेच्या अंधारात माळावर ठेवावयाचा. भोवती काटक्यांना बांधलेले फासे मांडावयाचे. पाळीव पक्षी गप्प राहिला, तर पारध्याने स्वतः ओरडावयाचे, पण मोजकेच. रानातून उत्तर आले की थोडे थांबावे, मग पुन्हा एकदाच साद द्यावी. घाई केली की पक्षी बिथरतो.

"पण तो येतो कशासाठी?" आम्ही विचारले.

"फादर, भांडायला येतो. आपल्या हद्दीत दुसरा नर बोललेला त्याला खपत नाही."

म्हणजे तित्तर भुकेपोटी नव्हे, जागेवरच्या हक्कापोटी सापडतो! आणि ज्यांना माळावरील प्रत्येक तित्तराची हद्द तोंडपाठ होती, त्यांच्या स्वतःच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. १८७१ साली आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या फासात पुढे पारधी समाजही अडकला. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, तो कायदा रद्द झाला. लोकांच्या मनातील संशय काही रद्द झाला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फास लावून वन्य पशुपक्षी धरणे हाही गुन्हा ठरला. माळ आक्रसत असता हा कायदा हवाच. परंतु जुनी उपजीविका गेली तेव्हा कितीजणांच्या हाती नवी आली?

आज मोबाइलवर ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला छायाचित्रासाठी बाहेर काढणारे हौशी लोकही आहेत. विणीच्या दिवसांत पक्षी घरटे सोडून अशा खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावतो. याउलट अकोला-वाशीम भागात फासेपारध्यांनी आपले पिढीजात ज्ञान दुर्मिळ तणमोराच्या रक्षणासाठी वापरले आहे. विद्या तीच, हेतू बदलला.

वाचकहो, आपल्या गावाच्या वेशीबाहेर पारध्यांची पाले असतील, तर त्यांच्यातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला गावच्या शाळेत सन्मानाने बोलवावे. मुलांना पाखरांची भाषा त्यांच्याकडून शिकू द्यावी. ऐकणाऱ्या मुलांत पालांवरचीही मुले असावीत, आणि आपल्या आजोबांना वर्गात खुर्ची मिळालेली त्यांनी पाहावी.