वात्रट गाण्यांची कुळी

बालगंधर्वांचीं पदें आवडतात असें सांगितलें तर माणसाची प्रतिष्ठा वाढते; कॉलेजांतल्या पोरांच्या बँडनें रचलेलीं शिवराळ गाणीं आवडतात असें सांगितलें तर शेजारचे लोक जरा सरकून बसतात. त्यांतून मी पडलों प्राध्यापक! तरी सांगतों, मला तीं आवडतात. खानावळीच्या आमटीवर, परीक्षेवर, प्राचार्यांच्या भाषणावर रचलेलीं कितीतरी गाणीं मीं स्नेहसंमेलनाच्या मंडपांत मागच्या रांगेंत बसून मनमुराद ऐकलीं आहेत. शिवी आली कीं पुढच्या रांगेंतले सहकारी खोकूं लागतात. ती नेमकी समेवर आली याचें मला कौतुक वाटत असतें.

या गाण्यांची कुळी कांहीं लहानसहान नाहीं. युरोपांत बाराव्या-तेराव्या शतकांत पाठशाळांतून लॅटिन शिकलेले विद्यार्थी व तरुण पाद्री मद्य, मदन आणि द्यूत यांवर बेछूट गाणीं रचीत. इ. स. १२३०च्या सुमारास कोणीं तरी अशीं अडीचशेंच्या आसपास कवनें एका पोथींत उतरून ठेवलीं. ती पोथी १८०३ सालीं सांपडली कोठें, तर बव्हेरियांतल्या एका मठाच्या ग्रंथसंग्रहांत! १८४७ सालीं ती 'कार्मिना बुराना' या नांवानें छापली गेली, आणि कार्ल ऑर्फनें तींतल्या कांहीं गीतांना दिलेलें नवें संगीत १९३७ सालीं प्रथम सादर झालें. तेव्हांपासून मोठमोठ्या सभागृहांत प्रतिष्ठित मंडळी तें गंभीर चेहऱ्यानें ऐकत आली आहेत. बहुतेकांना लॅटिन येत नाहीं, हें एक बरें आहे.

त्या पोथींत एक खोटें शुभवर्तमान आहे. मार्क हें ख्रिस्तचरित्र लिहिणाऱ्या संताचें नांव, आणि त्या काळीं चांदी तोलण्याचें मापहि मार्कच. तेव्हां हें शुभवर्तमान 'चांदीच्या मार्कांचें'. एक गरीब पाद्री पोपच्या दारीं जातो. द्वारपाल त्याला हांकलतात. बिचारा अंगावरचा झगा विकतो, पण तेवढ्यानें कोणाचें पोट भरत नाहीं. मग एक गबर पाद्री येतो आणि द्वारपालापासून कार्डिनलांपर्यंत सर्वांचे हात ओले करतो. हें कानीं येतांच पोप आजारी पडतो. श्रीमंत पाद्री सोन्यारुप्याचें औषध धाडतो, आणि पोप तत्काळ बरा होतो! हें सारें बायबलच्या थाटांत. ज्याला खरें शुभवर्तमान मुखोद्गत नाहीं, त्याला तें रचतां यायचें नाहीं. आपल्याकडे राम जोश्यांसारखा संस्कृतज्ञ लावणीकडे वळला, तेव्हां त्याची विद्या कांहीं वायां गेली नाहीं. वात्रटपणालाहि अभ्यास लागतो. नुसत्या शिव्या कोणीहि देईल.

मात्र माझी आवड सरसकट नाहीं. बलिष्ठाला चिमटा काढणारें गाणें कितीहि शिवराळ असो, मला चालतें. वर्गांतल्या एखाद्या मुलीचें नांव घेऊन तिला मान खालीं घालायला लावणारें गाणें, एकहि अपशब्द नसला तरी, मला ऐकवत नाहीं. एका वर्षीं बँडचीं गाणीं तपासायला माझ्याकडे आलीं. मीं शिव्यांना हात लावला नाहीं. तसलें एक कडवें मात्र खोडलें. मुलांनीं वाद घातला नाहीं. त्या जागीं त्यांनीं माझ्यावरच एक नवें कडवें रचलें. तें पहिल्याहून शिवराळ होतें, आणि यमकहि पुष्कळच चांगलें साधलें होतें.