फिरत्या बिऱ्हाडांतील दुसरा एसी

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असतें असें म्हणतात. पण त्या प्राण्यास आपल्या बिऱ्हाडांत दोन एसी चालवावयाचे नसतात. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केल्यापासून, चाकांवरील घर भाड्यानें घेऊन सहकुटुंब हिंडण्याची गोष्ट आमच्या ताथवड्याच्या घरांत वरचेवर निघत असे. अखेर २०२४ च्या मे महिन्यांत योग आला. ताम्हिणी घाट उतरून माणगांवमार्गें दापोली तालुक्यांत जावें, आंजर्ल्यास कड्यावरच्या गणपतीचें दर्शन घ्यावें आणि दोन रात्री समुद्राजवळच्या एका नारळीच्या वाडींत मुक्काम करावा, असा बेत ठरला. बरोबर आमच्या मातोश्री होत्या. वय ८२, आणि दम्याची जुनी व्यथा.

गाडीच्या छपरावर एक एसी होता. परंतु मागच्या बाजूस, जेथें मातोश्रींच्या निजण्याची सोय केली होती, तेथें मधल्या लांकडी आडोशामुळें त्याचा गारवा पोंचत नसे. म्हणून आमच्या धाकट्या बंधूंनीं घरचा, चाकांवर सरकणारा व हत्तीच्या सोंडेसारखी नळी असलेला एसी बरोबर घेतला. हिशेब निघण्यापूर्वींच कागदावर झाला होता. वाडींतील खांबावर १६ ॲम्पियरचें सॉकेट मिळणार. त्यास २३० व्होल्टांनीं गुणलें म्हणजे ३,६८० वॅट. छपरावरचा एसी १,६०० वॅट, आमचा १,४०० वॅट. एकूण ३,०००, म्हणजे सुमारें १३ ॲम्पियर. दोन्ही एसी चालू असतां चहासाठीं इंडक्शन शेगडी लावावयाची नाहीं, अशी ताकीद आम्हीं घरांत दिली व ती सर्वांनीं पाळलीही. हिशेबांत चूक नव्हती, आणि त्यामुळेंच आम्ही निर्धास्त होतों.

अडचण निघाली ती प्लगची. आमच्या एसीच्या प्लगच्या पिना जाड, १६ ॲम्पियरच्या. आणि गाडीच्या मागच्या भागांतील सॉकेट ६ ॲम्पियरचें, मोबाईल व पंख्यापुरतें. तीं लहान भोकें जाड पिनेस आंत घेईनात. बंधूंनीं माणगांवच्या बाजारांतून एक कन्व्हर्टर आणला. एका बाजूस जाड भोकें, दुसऱ्या बाजूस बारीक पिना, काम झालें. आतां विचार करतां वाटतें कीं, तें सॉकेट आपल्या परीनें आम्हांस स्पष्ट नकार देत होतें, आणि आम्हीं तो नकार थोडक्या पैशांत मिटविला. ताथवड्यास घरीं दुसरा एसी बसविला तेव्हां महावितरणकडे मंजूर भार वाढवून घेतला होता, वायरमनकडून पेटीपासून ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार ओढून घेतली होती, तिला एमसीबीही निराळा. मग हें सारें शहाणपण घाटाखालीं कसें उतरलें नाहीं? प्रवासांत मनुष्य दोन रात्रींचा हिशेब करतो. विजेला मात्र दोन रात्री आणि वीस वर्षें सारखींच.

पहिल्या रात्रीं दोनच्या सुमारास मातोश्रींनींच हांक मारली. “अरे, कांहीं तरी करपतंय. दूध नाहीं ना ठेवलंत कुणी?” दूध नव्हतें. मागच्या सॉकेटांतील कन्व्हर्टर तपकिरी होऊन वांकला होता आणि त्याच्यापासून चार बोटांवर खिडकीचा पडदा लोंबत होता. बंधु धांवत बाहेर गेले व त्यांनीं खांबावरचा खटका पाडला. काळोखांत मातोश्रींस धरून बाहेर आणलें आणि खुर्चीवर बसविलें. त्यांना धाप लागली होती. ती उतरेपर्यंत आम्ही कोणी एकमेकांशीं बोललों नाहीं.

आमचा समज असा होता कीं, धोका असता तर एमसीबी पडला असता. एमसीबी मोजतो तो प्रवाह. मागच्या सॉकेटांच्या तारेवर १० ॲम्पियरचा एमसीबी होता आणि एसी ओढीत होता सुमारें ६. रात्रीं दाब १९५ व्होल्टांवर उतरला होता. दाब उतरला तरी कंप्रेसरच्या मोटारीस काम तेंच करावयाचें असतें, म्हणून ती प्रवाह जास्त ओढते. समजा, ७ ॲम्पियर झाला. तरी एमसीबीच्या दृष्टीनें सर्व क्षेम! परंतु बारीक पिनेची पकड ढिली असली आणि त्या सांध्यांत अवघ्या अर्ध्या ओहमचा विरोध उत्पन्न झाला, तर तेथें जवळजवळ २५ वॅटांची उष्णता निघते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डागणी तेवढीच असते. ती रात्रभर प्लास्टिकमध्यें खुपसून ठेविली तर काय होईल, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. चोर राखणदाराच्या दाराकडे फिरकलाच नाहीं. राखणदारास दोष काय म्हणून द्यावा?

सकाळीं वाडीच्या मालकांनीं गांवांतील वायरमनला बोलाविलें. त्यानें कन्व्हर्टर हातांत घेऊन पाहिला आणि कांहीं न बोलतां कचऱ्यांत टाकला. खांबावर दुसरें १६ ॲम्पियरचें सॉकेट होतें, त्यास स्वतंत्र एमसीबी. तेथून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल त्यानें खिडकींतून थेट आमच्या एसीपर्यंत आणली. गाडीच्या आंतल्या तारांशीं तिचा कांहीं संबंध ठेविला नाहीं. आमच्या पुतण्यानें अमेरिकेहून फोनवर सांगितलें कीं, तिकडेही हाच प्रश्न आणि हीच युक्ति आहे. तेथें दाब १२० व्होल्ट; मुक्कामाच्या जागीं पुष्कळदां ३० ॲम्पियरची सोय, म्हणजे ३,६०० वॅट. आमच्या १६ ॲम्पियरच्या जवळपास तेवढेंच! छपरावरचा एक एसीच तेथें १३ ते १५ ॲम्पियर घेतो. मोठ्या गाड्यांस ५० ॲम्पियरच्या दोन ओळी, म्हणजे १२,००० वॅट मिळतात. ज्यांस त्या मिळत नाहींत, ते खांबावरच्या २० ॲम्पियरच्या सॉकेटांतून दुसऱ्या एसीस निराळी केबल देतात. एकाच गाडींत अशा दोन ओळी आल्या म्हणजे त्या कोठेंही एकमेकींस जोडावयाच्या नाहींत. आपल्याकडे तर खांबावरचीं दोन सॉकेटें निरनिराळ्या फेजवर असूं शकतात, आणि दोन फेजांमध्यें ४०० व्होल्ट असतात.

केबल चाळीस मीटर होती. उरलेली आम्ही रिळावरच गुंडाळून ठेवणार होतों. वायरमननें ती सबंध उलगडून नारळींच्या आळ्यांतून दूर पसरविली. गुंडाळलेल्या तारेची ऊब बाहेर पडत नाहीं, एकमेकींवर सांचते, हें त्यानें वेढ्यांत हात घालावयास लावून आम्हांस पटविलें.

मग त्यानें अर्थिंग तपासलें, आणि येथें त्याचा चेहरा खरोखर गंभीर झाला. गाडी रबरी चाकांवर उभी असते. तिचा धातूचा सांगाडा जमिनीपासून अलग. आंतल्या एखाद्या तारेचें आवरण घासून ती सांगाड्यास लागली आणि अर्थिंग तुटलेलें असलें, तर आंत बसलेल्यास कांहीं कळत नाहीं. परंतु ओल्या मातींत अनवाणी उभा राहून जो पायरीच्या दांडीस हात लावील, त्याच्या देहांतून वीज वाट काढते. आमचीं मुलें समुद्रावरून ओल्या पायांनीं येऊन त्याच दांडीस लोंबकळत होतीं. मे महिन्यांत जांभा दगड व त्यावरची माती कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग दुबळें पडतें. त्यानें खड्ड्यांत चार बादल्या पाणी ओतविलें व पुन्हां मीटर लावून पाहिलें. ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी होता, त्याची चांचणीची कळ दाबतांच तो खटकन् पडला. तेव्हां कोठें त्यानें एसी चालू करूं दिला.

दुसरी रात्र शांत गेली. मातोश्री स्वस्थ निजल्या. जागे राहिलों आम्ही. तासातासानें उठून प्लगवर पालथा हात ठेवून पाहत होतों. तो कोमटसुद्धां झाला नव्हता.

तशीच केबल आम्हीं परत आल्यावर विकत घेतली. ती ताथवड्याच्या घरीं गॅलरींत टांगलेली असे. मध्यंतरीं एका लग्नाच्या मांडवासाठीं शेजाऱ्यांनीं ती मागून नेली. परत आली तेव्हां तिचा जाड पिनांचा प्लग जाऊन त्या जागीं बारीक पिनांचा आला होता. बंधूंनीं तो त्याच दिवशीं कापून टाकला.