तळघरातला गारवा

नाट्यगृहाच्या तळघरात माझी तीस वर्षे गेली. वर नाटक रंगे. खाली मी आणि वातानुकूलनाचे यंत्र. लोकांना वाटते, यंत्र गारवा निर्माण करते. छे! ते आतली उष्णता तेवढी बाहेर नेऊन टाकते. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे १०० वॉट उष्णता देतो. ८०० प्रेक्षक म्हणजे ८० किलोवॉटची शेगडीच!

एकदा आळसाने मी हवेच्या जाळ्या धुतल्या नाहीत. धुळीने वारा कोंडला. तिसऱ्या अंकात आई मुलाला निरोप देत होती आणि सभागृहभर रुमाल निघाले. डोळ्यांना लावायला नव्हे, वारा घ्यायला! पुन्हा तो आळस केला नाही.

परवा, निवृत्तीनंतर प्रथमच, सहकुटुंब नाटकाला गेलो. पदर लपेटून ही म्हणाली, “किती गारठलंय हो!” तळघरातल्या अनोळखी पोराला मी मनोमन टाळी दिली.